पानसोट

पुणतांब्याच्या मळ्यात यंदाही मोसंबी ताणावर सोडली आहे. पुतणीचा, शकूचा, फोन आला होता. "काका, पानं उतरायला लागलीत. आठ दिवसांत पाणी सोडीन. आई नाही म्हणून बाग बघायला यायचं नाही, असं थोडंच आहे?" वहिनीला जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर बसलो होतो, त्यानंतर मी गावात पाऊल टाकले नव्हते. शकूचा शब्द मोडवेना म्हणून गेल्या आठवड्यात गेलो.

ताण हा आमच्याकडे बागेचा शब्द आहे. मोसंबीला झाडभर फूल यावे म्हणून हिवाळ्यात महिना-दीड महिना तिचे पाणी तोडतात. पाने आधी मिटतात, मग पिवळी पडतात, मग गळू लागतात. बागवान रोज सकाळी पान हातात घेऊन पाहतो. रात्रीच्या गारव्यानेही पान उभे राहिले नाही, की ताण पुरा झाला. मग पाणी सोडायचे. पुढच्या काही दिवसांत फांदी न् फांदी पांढरी होते, आणि वास असा सुटतो की गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला मळा कुठल्या अंगाला आहे हे विचारावे लागत नाही.

लहानपणी मला यात काहीतरी दुष्टपणा वाटायचा. झाडाला तहानेने घाबरवायचे, आणि मरणाच्या भीतीने ते फुलले की आपण खूश व्हायचे. एकदा दादाला तसे म्हणालो, तर तो हसला. "मास्तर, झाडाला भ्या न्हाई दावलं तर ते नुसतं पानं पांघरून झोपतं." तेव्हा मी मास्तर झालोही नव्हतो. हातात सदा पुस्तक असायचे म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पुढे बी.ए. होऊन मी कोपरगावच्या हायस्कुलात मराठी शिकवू लागलो, तेव्हा तो सगळ्यांना सांगत फिरला, की हे नाव मी आधीच ठेवले होते, सरकारला उशिरा कळले.

शकूच्या बागेत तेव्हा एक पान चिमटीत धरून उभा होतो. ते सकाळच्या गारव्यातही मान टाकून होते. बहात्तरच्या हिवाळ्यात सगळ्या बागेची पाने अशी होती. त्या दुष्काळात मोसंबीला ताण द्यावा लागला नाही. तो आपणच पडला होता.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सोळाव्या वर्षी त्याला मधुमेह जडला. त्या काळी आमच्या गावात हे दुखणे म्हणजे शेठ लोकांचे, पोट सुटलेल्यांचे. वाळक्या काटकीसारख्या पोराला ते झाले यावर कोणी विश्वास ठेवीना. वडिलांनी नगरला नेले, तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केले, आणि ते दादाच्या जन्माला चिकटले. आई-वडील लवकर गेले. दादाचे लग्न झाल्यावर ते सगळे काम वहिनीकडे आले. पंधरा वर्षांची होती ती. काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळायची, औषधाची बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या लहान मडक्यात ठेवायची, मांडीवर जागा बदलून बदलून टोचायचे, हे सगळे ती शिकली. अक्षर तिला येत नव्हते. सिरिंजवरच्या रेघा मात्र ती अचूक मोजायची.

साखर तेव्हा लघवीत तपासायची. काचेच्या नळीत निळे औषध घ्यायचे, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर ते तापवायचे. साखर नसेल तर निळे ते निळेच. असेल तसे ते हिरवे, पिवळे, नारिंगी होत विटकरीवर जायचे. डॉक्टरांनी रंगांचा एक कागद दिला होता, पण वहिनीने त्याच्याकडे कधी पाहिले नाही. तिने आपली मोसंबीची भाषा त्याला लावली होती. सकाळी न्हाणीपाशी ती दिवा पेटवून बसायची आणि दादा दारातून विचारायचा, "काय म्हनतीया?"

"कवळी हाय."

कवळी म्हणजे हिरवी. कवळी असली की दादा शीळ घालत मळ्यात जायचा. पण कधी कधी आतून आवाज यायचा, "पार पिकून गळाया झाली. काल पावन्यांकडं काय खाल्लं ते सांगा आधी."

"चहा घेतला नुसता. बिनसाखरंचा."

"मग त्या चहानं लई गुन घेतला म्हनायचा."

मी सुटीला आलो की पुस्तकाआडून हे ऐकायचो. आजार घरात इतका रुळला होता, की त्याची थट्टा करता यायची. तो आतल्या आत काय करत होता हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या हिवाळ्यात दादाला पानामागची कीड दिसेनाशी झाली. त्याने ते कोणाला सांगितले नाही. वहिनीच्याच ध्यानात आले. तो पान उलटून पाहायचा, बोट फिरवायचा, आणि "काय न्हाई" म्हणून पुढे जायचा. मागून ती त्याच पानावर कीड बघायची. मी मार्गशीर्षात घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "भावजी, ह्यांना नगरला न्या. चष्मा लागल बहुतेक." चष्माच लागेल असे आम्हा तिघांनाही वाटले होते.

नगरचे डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते, मोजके बोलणारे. त्यांनी दादाच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, अंधाऱ्या खोलीत बसवले आणि कपाळाला कपाळ लावावे तितके जवळ जाऊन बराच वेळ पाहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्यात." एवढे मराठीत. पुढचे माझ्याकडे वळून, दाराशी येऊन, हलक्या आवाजात आणि बरेचसे इंग्रजीत. या नव्या नाड्या चांगल्या नव्हेत. फार नाजूक असतात. कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरेल. मुंबईला एके ठिकाणी प्रखर प्रकाशाने डोळ्याचा पडदा जाळण्याचा इलाज सुरू झाला आहे. उपयोग होईलच असे सांगता येत नाही, पण माझा भाऊ असता तर मी नेले असते, म्हणाले.

दादा आत अंधारात बसला होता. त्याने पहिले वाक्य तेवढे ऐकले.

परतीच्या गाडीत मोठ्या बाहुल्यांना ऊन सहन होईना म्हणून त्याने डोक्यावरून टॉवेल घेतला होता. राहुरी गेली तसा टॉवेलाच्या आतून त्याचा आवाज आला. "मास्तर, डाक्टर म्हनला ते बेस झालं."

"काय?"

"नव्या नाड्या आल्यात म्हनला न्हवं? मला वाटलं डोळा वाळून चाललाय. नवी वाढ हाय म्हंजी मूळ जितं हाय." आणि मग टॉवेल बाजूला करून, डोळे चिंचोळे करून तो माझ्याकडे पाहून हसला. खिडकीबाहेर दोन्ही अंगांनी उजाड, राखाडी रान पळत होते. त्या वर्षी दिवाळीपासून कोणी मोकळे हसले नव्हते. तो बागवान होता. वाळल्या खोडाला हिरवा कोंब दिसला की त्याच्या लेखी झाड वाचले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. तो मी गिळला. घरी गेल्यावर सांगू, म्हटले.

घरी गेल्यावर त्याने वहिनीला अंगणातूनच सांगितले. ती इतकी हरखली की तिने देवापुढे दिवा लावला, आणि मी कोपरगावला परत गेलो. पुढच्या रविवारी सांगू. त्याच्या पुढच्या रविवारी. दर खेपेला मी वाक्ये जुळवून जायचो. रक्तस्राव, नाजूक वाहिन्या, पडद्याचे कुपोषण. शाळेच्या ग्रंथालयातल्या जाड पुस्तकांतून मी ती गोळा केली होती. पुणतांब्याला उतरलो, दादाचा चेहरा पाहिला, की त्यातले एकही वाक्य बोलण्याजोगे राहायचे नाही. असे सात आठवडे गेले. आठवडे मी तेव्हा मोजले नव्हते. नंतर मोजले, आणि त्यानंतर आजतागायत मोजणे सुटलेले नाही.

पौषात पाटाला एक आवर्तन सुटले. एवढेच पाणी, पुढचे कधी हे कोणी सांगेना. विहिरीवरचे इंजिन अर्ध्या तासात कोरडी धाप टाकायचे. पण तेवढ्या एका पाण्यावर बाग अशी फुलली की मी तशी आधी कधी पाहिली नव्हती. पान कमी, फूल जास्त. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून बांधाशी थांबायच्या, ओंजळभर वास घ्यायच्या आणि पुढे जायच्या. दादा मात्र खूश नव्हता. "लई तहानंचं फूल हाय हे," तो म्हणायचा. "पानी न्हाई तर एक फळ धरायचं न्हाई." बागेच्या बाबतीत त्याला हे कळत होते.

एका सकाळी तो फुलांत उभा राहून तोंडासमोरून हात हलवू लागला. वहिनी पाटीत गळालेली पाने गोळा करत होती. तिने विचारले, काय झाले?

"चिलटं लई झाली."

तिने वर पाहिले. चिलटे नव्हती. स्वच्छ ऊन होते. तो मात्र हात हलवत राहिला, मग उजवा डोळा चोळला, मग म्हणाला, "अगं, धूर कसला झालाय? कोन पेटवलंय?"

ती दुसऱ्या दिवशी कोपरगावला शाळेत आली. एकटीने गाडीत बसण्याची तिची ती पहिली वेळ. शकू दोन वर्षांची होती, तिला शेजारी ठेवून आली होती. शिपायाने मला वर्गातून बोलावले. ती व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ उभी होती, पदराचे टोक मुठीत घट्ट धरून.

"भावजी, नगरचा डाक्टर काय म्हनला हुता, खरं सांगा."

मी सांगितले. मुलांची बे एके बे शेजारच्या प्राथमिक शाळेतून ऐकू येत होती, आणि मी खाली मान घालून सांगत होतो. ती रागावेल असे वाटले. तिने टाकीचा नळ सोडला, तोंडावर पाणी मारले आणि म्हणाली, "मला तरी बोलायचं. मी काय झाडावर चढून वरडले असते का?" मग नळ बंद करत म्हणाली, "दिवा लावला मी देवाला."

"वहिनी, माझं चुकलं."

"चुकलं ते चुकलं. आता चला. आन् त्यांना तुमीच सांगायचं. माझ्याच्यानं न्हाई व्हनार."

दादा विहिरीच्या थारोळ्यावर बसला होता, उजवा डोळा तळव्याने झाकून. मी शेजारी बसलो आणि जुळवलेली सगळी वाक्ये एकदम विसरलो. कसेबसे म्हणालो, की दादा, त्या नव्या नाड्या चांगल्या नव्हत्या. त्या कच्च्या असतात. डोळ्याचे खातात आणि फुटतात. त्यातली एक फुटली आहे. डॉक्टर मला हे त्याच दिवशी बोलले होते.

त्याने डोळ्यावरचा तळवा काढला. मग उठला, जवळच्या झाडाशी गेला, खोडावरून हात खाली नेत नेत जमिनीजवळ थांबला आणि तिथून निघालेली एक फांदी त्याने बोटांनी पकडली. सरळ, गुबगुबीत, आजूबाजूच्या सगळ्या कोमेजल्या पाल्यात एकटीच हिरवीगार.

"हे काय हाय?"

"पानसोट," मी म्हणालो. बागेत वाढलेल्या पोराला एवढे माहीत असतेच. झाडाचा जोर पिऊन घेणारा, फळ न देणारा कोंब. दिसायला सगळ्यात टवटवीत तोच असतो. बागवान दिसेल तिथे तो मोडतो.

दादाने तो मुळापासून कडकन मोडला. "मग मास्तर, एवढंच सांगायचं हुतं की. डोळ्यात पानसोट आल्यात. मी त्याच दिसी म्हनलो असतो, काढा."

मी रडलो. त्याने पानसोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "रडू नगंस. वाढ म्हनली की मीबी खुळ्यावानी हरकलो. बागवान मी, आन् इचारलं न्हाई की वाढ कसली हाय." दोष तो असा अर्धा वाटून घेत होता. तो अर्धा मी आजही त्याला घेऊ देत नाही. मला भाषा येत होती, हे माझे काम होते. सात आठवडे मी जाड पुस्तकांत जो शब्द शोधत होतो, तो आमच्या झाडांच्या बुडख्यांशी उभा होता.

मुंबईत आम्ही आठवडाभर राहिलो. डॉक्टर तरुण होते, उत्साही आणि थकलेले. उजव्या डोळ्यात रक्त भरलेले, आत प्रकाश जाईना. रक्त निवळण्याची वाट बघू, म्हणाले. ते पुढे कधी निवळले नाही. डाव्या डोळ्याला यंत्रासमोर बसवून, डोळ्यामागे भूल देऊन, त्यांनी पडद्याच्या कडेकडेने प्रकाशाचे डाग दिले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "सूर्य बघितला. अगदी जवळनं. एक न्हाई, लई सूर्य."

जाळल्याने डोळा कसा वाचतो हे मला कळत नव्हते. लवकर आलो असतो तर उजवा वाचला असता का, हेही मला विचारायचे होते. दुसरा प्रश्न आधी विचारला. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे तीन शब्द घेऊन मी पन्नास वर्षे जगलो आहे. ते 'हो' म्हणाले असते तर कदाचित मी मोडलो असतो, 'नाही' म्हणाले असते तर सुटलो असतो. त्यांनी खरे सांगितले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दादाला दिले. कागदावर वर्तुळ काढून म्हणाले, "हा पडदा. साखरेनं ह्याच्या बारीक नळ्या हळूहळू बंद पडतात. जिथं रक्त पोचत नाही, तो भाग तहानलेला राहतो. मरत नाही, हाका मारत राहतो. त्या हाकेला या नव्या नळ्या येतात. पण घाईत आलेल्या, कच्च्या भिंतीच्या. म्हणून फुटतात."

"हाका कशानं मारतो?" दादाने विचारले.

डॉक्टर हसले. "ते अजून कोणाला सापडलेलं नाही. तहानलेल्या भागातून काहीतरी पाझरत असावं, असा अंदाज आहे. त्याला नावसुद्धा नाही."

"मग तुमी जाळलं काय?"

"कडा. तहानलेल्या कडा बंद केल्या की हाका थांबतात. मग मधला भाग वाचतो. माणसाचं तोंड आपण ज्यानं ओळखतो, तो भाग. वाचेल असं वाटतं. तीन महिने थांबायचं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही."

दादाने ते वर्तुळ हातात घेऊन डाव्या डोळ्याजवळ नेले. "कडंच्या वळी सोडायच्या, मधली बाग धरायची," तो म्हणाला. डॉक्टरांना ते समजले नाही. मला समजले.

जे तेव्हा सापडले नव्हते ते नंतर सापडले. मी निवृत्त होण्याच्या सुमारास कुठल्याशा मासिकात वाचले, की तहानलेला पडदा खरोखरच एक द्रव्य सोडतो, रक्तवाहिन्यांना वाढीचा निरोप देणारे. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. आता तो निरोप वाटेतच अडवणारे औषध निघाले आहे. मला हे नीट माहीत आहे, कारण म्हातारपणी तोच आजार माझ्याही डोळ्यांपर्यंत आला. दर काही महिन्यांनी नगरला जातो. डोळ्यात थेंब घालतात, एक बारीक सुई टोचतात, दहा मिनिटांत बाहेर. पहिल्या खेपेला वहिनी सोबत होती, ऐंशीच्या घरातली. तिने तिथल्या मुलीला विचारले, "एवढंच?" मुलगी म्हणाली, "हो आजी, एवढंच."  बाहेर बाकावर वहिनीने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि माझ्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत सोडला नाही. सात आठवड्यांविषयी ती व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर माझ्याशी एकदाही बोलली नव्हती. त्या दिवशीही नाही. मात्र तो हात मी क्षमा म्हणून घेतला आहे. चुकत असेन तर आता दुरुस्त करणारे कोणी नाही.

मुंबईहून परतलो तेव्हा फुले गळून बारीक फळ धरले होते, आणि पाणी नव्हते. दादाने त्याच दिवशी गड्याला, रामभाऊला, बोलावून सांगितले की बाहेरच्या चार ओळींचे पाणी बंद.

"मालक, फळावरची झाडं हाईत," रामभाऊ म्हणाला.

"तीच सगळ्यात जास्ती पितात. सोड."

त्या ओळी दादाच्या हातच्या होत्या, लग्नाच्या वर्षी लावलेल्या. चैत्रात त्या वाळल्या. बाहेरून पाहणाऱ्याला बाग मेली असे वाटायचे. चार ओळी ओलांडून आत गेले की हिरवे लागायचे. शकू आज ज्या बागेत उभी असते ती त्या मधल्या झाडांच्या जागेवरची आहे.

डावा डोळाही बागेसारखाच राहिला. दादाला बाजूचे दिसायचे नाही, अंधार पडला की काही दिसायचे नाही, तो दारांना आणि माणसांना धडकायचा. पण समोरचे दिसायचे. शकूने पाटीवर काढलेला पहिला श्री त्याने पाहिला. आठ वर्षांनी मूत्रपिंडांनी त्याला नेले, तोवर तो डोळा टिकला. पण हे मी आता सांगतो आहे. त्या तीन महिन्यांत हे कोणालाच ठाऊक नव्हते. कुठल्याही सकाळी पुन्हा चिलटे दिसतील, या धाकात घर वावरत होते.

दादा पडवीत उशीला टेकून बसायचा आणि बघायचा. बघणे हेच त्याचे काम झाले होते. शकूच्या पायाची बोटे, भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग, दोरीवरचे धुणे.  एकेक गोष्ट पुरती बघून झाली की दुसरीकडे वळायचा. मी उन्हाळी सुटीला आलो होतो. समोरच्या खांबाला टेकून पुस्तक उघडे धरून बसायचो.

एक दिवस जेवणे झाल्यावर वहिनी आतल्या सोप्यात रेशनचा तांबडा मिलो, दुष्काळात आलेली ती अमेरिकेची ज्वारी, निवडत बसली होती. शकू झोपली होती. दादा म्हणाला, "अगं, हिकडं ये. उजेडात बस."

"कशाला?"

"ये म्हनलं न्हवं."

"भावजी हाईत."

"असू दे. मास्तर वाचतोय."

ती सूप घेऊन आली आणि दोन हात अंतरावर बसली. डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला आणि खडे निवडू लागली.

"मान वर कर."

"अवं, काय हे. दिसाढवळ्या."

"दिसाढवळ्याच बघायचंय मला. तेरा वर्सं झाली लग्नाला. तुझं कपाळ मला पाठ हाय, कुकू कुटं हाय ते डोळं झाकून सांगंन. खालचं तोंड कवा धड बघितलंय?"

वहिनी हसली. पदराआडून हसली, आवाज न करता, पण सुपातला मिलो हलला. "आता काय बघता? उन्हानं करपून काळं पडलंय."

"काळं तर काळं. हाय तसं बघतो."

मी उठून जायला हवे होते. पण मी उठलो असतो तर तीही लाजून उठली असती, आणि पुन्हा बसली असती की नाही कोण जाणे. म्हणून मी पुस्तकाचे पान उलटले, मुद्दाम मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असे. मग थोड्या वेळाने आणखी एक.

वहिनीने सूप बाजूला ठेवले. हात लुगड्याला पुसले. माझ्याकडे पाहिले नाही. पदर खांद्यावर घेतला आणि मान वर केली.